सही कुणाची, निर्णय कुणाचा?

१८६३ साली पुण्यातल्या ब्राह्मण वस्तीत, गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर, एक छापील जाहिरात चिकटवलेली लोकांनी पाहिली. ती जोतीराव फुले यांनी लावली होती आणि विधवांना उद्देशून होती. गरोदर असाल तर आमच्याकडे यावे, कुणाला न कळता सुखरूप बाळंत व्हावे. मूल बरोबर न्यायचे की इथेच ठेवायचे हे तुमच्या मर्जीवर राहील आणि ठेवलेत तर त्याचा सांभाळ आम्ही करू, असा तिचा आशय होता. येताना वडिलांची परवानगी आणा किंवा सासऱ्यांची चिठ्ठी आणा, असे तीत कुठेही म्हटलेले नव्हते. मुलाचे काय करायचे हे आईने ठरवायचे, एवढेच तिचे म्हणणे होते.

या घटनेला दीडशेहून अधिक वर्षे झाली. विधवांचा तो प्रश्न मागे पडला, पण त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. सोळा-सतरा वर्षांची एखादी अविवाहित मुलगी आई झाली आणि बाळ दत्तक जावे असे तिने ठरवले, तर तिच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय तिची संमती खरी मानावी का? आपल्यापैकी बहुतेकांचे पहिले उत्तर ‘नाही’ असेच असेल. ती स्वतःच अजून लहान आहे. तिला काय कळते? असे आपण म्हणू, आणि ते मायेपोटीच म्हणू. तरीही उत्तर देण्याआधी जुना इतिहास एकदा पाहून घ्यावा.

जोतीरावांनी ती जाहिरात का लावली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयी बेहरामजी मलबारी यांनी टिपणे काढली होती. त्यांवर जोतीरावांनी डिसेंबर १८८४ मध्ये आपले मत कळवले, त्यात ही हकीकत आहे. त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला नादी लावले. दिवस गेल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिने नाना औषधे घेतली, पण उपयोग झाला नाही. अखेर मुलगा झाला. बेअब्रूच्या भीतीने तिने त्या जिवाला मारले आणि घरामागच्या विहिरीत टाकले. खटला झाला आणि काशीबाईला जन्मठेपेची, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तो खटला संपताच जोतीरावांनी आपल्या राहत्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. येणाऱ्या बायकांचे बाळंतपण आणि मुलांचे संगोपन सावित्रीबाई पाहत.

त्या काळी विधवा म्हणजे कोण, हेही ध्यानात घ्यायला हवे. मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवयाची मर्यादा दहा वर्षे होती. ती बारा व्हायला १८९१ साल उजाडावे लागले, आणि तेवढ्यासाठीही पुण्यात केवढे वादळ उठले! अशा समाजात पंधरा-सोळा वर्षांची विधवा ही काही नवलाची गोष्ट नव्हती. आज जिला आपण अल्पवयीन म्हणू, तिला त्या काळी सोवळी करून माजघरात बसवलेले असे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण उच्चवर्णीय घरांत तो कागदावरच होता.

जोतीरावांनी त्याच मतपत्रात एक हिशेब दिला आहे. तोपर्यंत त्यांच्या गृहात पस्तीस गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती. उरलेली तीस मुले दगावली, आणि त्याचे कारण त्यांनी असे दिले की, गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी आधी जी विषारी औषधे घेतली, त्यांनी पोटातच त्या जिवांना इजा केली होती.

पस्तीसपैकी तीस! हा आकडा वाचल्यावर घरच्यांच्या परवानगीचा मुद्दा वेगळाच दिसू लागतो. या बायका गृहात पोचल्या त्या उशिरा पोचल्या. आधी घरातल्या, नात्यातल्या, आळीतल्या भीतीने त्यांना औषधांकडे ढकलले होते. घरच्यांच्या संमतीशिवाय दार उघडणार नाही, अशी अट जर जोतीरावांनी घातली असती, तर त्या पस्तीसजणींपैकी किती आल्या असत्या? कुणीच नाही, असे म्हणायला हरकत नाही. ज्यांना कळू नये म्हणून ती बाई जिवावर उदार झाली होती, त्यांचीच परवानगी तिने आणावी, ही अट म्हणजे दार बंद करण्याचाच प्रकार ठरला असता.

ही भीती पुण्यापुरती नव्हती. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. तिकडे पंढरपुरातही, यात्रेच्या निमित्ताने आणून सोडलेल्या बायका आणि टाकून दिलेली अर्भके पाहून, न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली बालकाश्रम सुरू केला. प्रार्थना समाजाने तो पुढे चालवला. विठ्ठलाच्या गावी अशी संस्था काढावी लागली, यावरून गरज केवढी होती ते कळते.

जोतीरावांच्या गृहात आलेल्या दुसऱ्या एका काशीबाईचा मुलगा म्हणजे यशवंत. नाव तेच असले तरी ही काशीबाई वेगळी. पहिली काळ्या पाण्यावर गेली होती. जोतीराव-सावित्रीबाईंनी यशवंतला दत्तक घेतले, शिकवले, डॉक्टर केले. १८८७ सालच्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला आपला वारस केले. पुण्यात १८९७ साली प्लेग आला तेव्हा याच मुलाच्या मदतीने सावित्रीबाई रोग्यांची सेवा करत होत्या आणि त्यातच त्यांचा अंत झाला. एका आईने घरच्यांना न विचारता घेतलेल्या निर्णयातून एवढे घडले.

इथेच थांबलो तर गोष्ट फार सोपी होईल. मुलीला एकटीला निर्णय घेऊ द्या, घरच्यांना दूर ठेवा, म्हणजे सारे ठीक होईल, असा निष्कर्ष काढता येईल. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

आपला कायदा अल्पवयीनाला एरवी फार जपतो. १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय अठरा ठरवले. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्द असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबी खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीने शेताचा तुकडा विकला तर तो व्यवहार टिकत नाही. मग पोटचे मूल कायमचे देण्याचा तिचा निर्णय कसा टिकावा? शेत परत घेता येते, दत्तक गेलेले मूल परत येत नाही. शिवाय पुढे ज्यांच्या आधाराने तिला जगायचे आहे ते तिचे आईवडीलच. त्यांना अंधारात ठेवून घेतलेल्या निर्णयाचे ओझे ती एकटी किती वर्षे वाहणार? आणि कोण जाणे, आजीने नातवंड सांभाळायची तयारी दाखवली असती तर? हे सगळे प्रश्न रास्त आहेत.

गंमत अशी की, इंग्रजी अमदानीतल्या एका कायद्याने यावर एक वाट काढून ठेवलेली होती. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात म्हटले आहे की, अज्ञान व्यक्ती दुसऱ्या अज्ञानाची पालक होऊ शकत नाही. पण त्याला अपवाद जोडला आहे तो स्वतःच्या बायकोचा आणि स्वतःच्या मुलाचा. त्या काळी चौदा-पंधरा वर्षांच्या आया घरोघर होत्या, तेव्हा कायद्याला ही सोय करावीच लागली. तिला शेत विकता येणार नाही, पण तिच्या बाळाची ती पालकच, असा हा विचार आहे. मूल ही मालमत्ता नव्हे, म्हणून मालमत्तेचा नियम त्याला लावायचा नाही. हे कलम आजही कायम आहे.

पण आईवडील निर्णयात सामील झाले की मुलीचे हित साधतेच, हे तरी खरे आहे का? यासाठी आपल्याला जरा लांब, ऑस्ट्रेलियात जावे लागेल. कारण तिथे या प्रश्नाचा दुसरा टोकाचा अनुभव घेऊन झाला आहे आणि त्याची सरकारी चौकशीही झाली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत तिथे अविवाहित मुलीला दिवस गेले, की आईवडील तिला दूरच्या गावी एखाद्या प्रसूतिगृहात पाठवून देत. ही गृहे बहुतेक चर्चची किंवा धर्मादाय संस्थांची असत. शेजाऱ्यांना सांगायचे की पोरगी मावशीकडे गेली आहे. आईवडील, धर्मगुरू, समाजसेविका, डॉक्टर या सगळ्यांचे आधीच ठरलेले असे की बाळ दत्तक जाणार. बाळंतपणानंतर कित्येकींना बाळाचे तोंडही पाहू दिले नाही. मध्ये चादर किंवा उशी धरली जाई. गुंगीच्या औषधांच्या अमलात असताना काहींच्या सह्या घेतल्या. विचार बदलला तर ठरावीक मुदतीत संमती मागे घेता येते, हे अनेकींना कुणी सांगितलेच नाही.

म्हणजे कागदावर सही मुलीची होती आणि निर्णय मात्र बाकीच्या सगळ्यांचा होता. आईवडील सामील नव्हते असे नाही; तेच सर्वांत पुढे होते. ते दुष्ट होते असेही नाही. मुलीचे आयुष्य पुन्हा मार्गी लागावे, असेच त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. पण मुलीच्या भल्याबरोबर घराण्याची अब्रूही त्यांच्या मनात होती, आणि या दोन्हींतले काय कुठे संपते हे त्यांनाही कळत नव्हते.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९७१-७२ या वर्षात ऑस्ट्रेलियात जवळजवळ दहा हजार मुले दत्तक गेली होती. १९७३ साली सरकारने एकट्या आयांना आर्थिक मदत सुरू केली. पुढच्या तीन-चार वर्षांत दत्तकांचा आकडा निम्म्यावर आला. त्याला इतरही कारणे होती. संततिनियमनाची साधने सुलभ झाली होती, समाजाची नजर बदलत होती. तरीही एक गोष्ट लपत नाही. हातात चार पैसे आणि मान वर करून जगण्याची थोडी सोय येताच पुष्कळ मुलींनी बाळ स्वतःजवळ ठेवले. मग त्याआधीच्या मुलींनी दिलेली संमती ही संमती होती, की दुसरा रस्ताच नसल्यामुळे आलेली शरणागती होती? ऑस्ट्रेलियन सिनेटच्या समितीने २०१२ साली या साऱ्याचा अहवाल दिला आणि २१ मार्च २०१३ रोजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी त्या आयांची आणि मुलांची देशाच्या वतीने माफी मागितली. तोवर त्या मुली साठी-सत्तरीच्या आज्या झाल्या होत्या.

पुण्याची गोष्ट आणि ऑस्ट्रेलियाची गोष्ट शेजारी ठेवली, की आपला मूळ प्रश्नच जरा चुकीचा मांडला गेला आहे असे वाटू लागते. आईवडिलांना सामील करावे की करू नये, हा खरा प्रश्न नाही. मुलगी सही करते तेव्हा त्या खोलीत कुणाची भीती हजर आहे, हा खरा प्रश्न आहे. पुण्यात ती भीती घराची होती आणि घर दूर ठेवल्याने बाईला श्वास घेता आला. ऑस्ट्रेलियात घरच निर्णय घेऊन मोकळे झाले होते. दोन्हीकडे मुलीला हवे होते ते एकच: तिच्या बाजूने बोलणारे कुणीतरी आणि विचार करायला वेळ.

आपल्याकडे वेळेचे हे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ओळखले. परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांची परवड होते, अशी तक्रार करणारे पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी न्यायालयाला लिहिले होते. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायमूर्ती भगवती यांनी फेब्रुवारी १९८४ मध्ये निकाल दिला. त्यात जन्मदात्यांविषयी एक फार समंजस सूचना होती. बाळ जन्मण्याआधी, आणि जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत, मूल देण्याचा निर्णय त्यांना घेऊच देऊ नये. आग्रह करणे तर दूरच. बाळंतपणाचा थकवा, भीती, लाज यांच्या भरात केलेली सही न्यायालयाला नको होती.

त्याच विचाराचा धागा २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आला आहे. मूल सांभाळणे आपल्या आवाक्याबाहेर आहे असे जिला वाटते, तिने बाल कल्याण समितीपुढे यायचे. समितीने चौकशी करायची, तिचे समुपदेशन करायचे आणि मग ती मूल स्वाधीन करत असल्याचा दस्त करून घ्यायचा. त्यानंतरही दोन महिन्यांची मुदत असते. त्या मुदतीत तिचे मन बदलले, तर ती बाळ परत मागू शकते. हे साठ दिवस म्हणजे नुसती तांत्रिक बाब नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या मुलींना जे मिळाले नाही, ते हेच.

पण या बाबतीत आपल्या कायद्यांचा मेळ अजून नीट बसलेला नाही. १९७१ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीचा गर्भपात पालकाच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही. म्हणजे गर्भ ठेवायचा की नाही, यात पालकाची सही लागते. तेच बाळ जन्माला आले, की ते स्वाधीन करायचे की नाही, यात आईचा शब्द मुख्य ठरतो. शिवाय २०१२ च्या पॉक्सो कायद्यामुळे अठरा वर्षांखालील मुलीच्या गरोदरपणाची खबर पोलिसांना देणे बंधनकारक झाले आहे. अत्याचार करणारा सुटू नये यासाठी ते आवश्यकही आहे. अनेकदा तो घरातलाच असतो. मात्र त्यामुळे जोतीरावांनी देऊ केलेली गुप्तता आज जशीच्या तशी कुणालाच देता येत नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या संदर्भात डॉक्टरांना अशी खबर देताना मुलीची ओळख न सांगण्याची मुभा दिली, तीही मुलीने आणि तिच्या पालकाने तशी विनंती केली तर. पोलिसांचे नाव ऐकूनच एखादी मुलगी दवाखान्याकडे फिरकत नाही आणि घरीच काहीबाही औषध घेते, तेव्हा जोतीरावांनी लिहिलेला तो तीस मुलांचा हिशेब आठवल्याखेरीज राहत नाही.

महाराष्ट्रातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीचे प्रकरण २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. गर्भ सुमारे तीस आठवड्यांचा होता. न्यायालयाने २२ एप्रिलला गर्भपाताला परवानगी दिली. नंतर धोका ध्यानात आल्यावर आईवडिलांनी मुलीच्या काळजीपोटी विचार बदलला आणि आठवडाभरात तो आदेश मागे घेण्यात आला. त्या निकालात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. अल्पवयीन गरोदर मुलीचे मत आणि पालकांचे मत वेगळे असेल, तर मुलीचे मत हा महत्त्वाचा मुद्दा मानला पाहिजे. आणि पुढे मुलीला व तिच्या आईवडिलांना बाळ दत्तक द्यावेसे वाटले, तर सरकारने सर्व साहाय्य करावे. मुलीचा आवाज आणि आईवडिलांची सोबत, दोन्ही एकाच निकालात आली, हे मला महत्त्वाचे वाटते.

माझ्या मते नीती इथेच आहे. संमती आणि सोबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. संमती आईची, ती कितीही लहान असो. तिच्या वतीने तिच्या वडिलांनी सही करून मूल देणे जितके गैर, तितकेच तिची इच्छा नसताना तिच्या आईने हट्टाने मूल ठेवायला लावणे गैर. सोबत मात्र जितकी मिळेल तितकी हवी. आईवडील समजूतदार असतील तर त्यांच्याइतकी चांगली सोबत दुसरी नाही, आणि समुपदेशकाने मुलीला विश्वासात घेऊन त्यांच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न जरूर करावा. पण जिथे घरच धोक्याचे आहे, तिथे एखादी समाजसेविका, एखादी परिचारिका, एखादी मावशी ही सोबत देऊ शकते. सोबत मिळत नाही म्हणून तिचा अधिकार काढून घेऊ नये, आणि अधिकार दिला म्हणून तिला एकटीला सोडूनही देऊ नये.

याचा खर्च समाजाने सोसायला हवा, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. मूल ठेवायचे ठरवणाऱ्या मुलीला शाळेत परत जाता येत नसेल, राहायला जागा नसेल, हाताला काम नसेल, तर बाळ देण्याची तिची संमती कितीही नियमानुसार घेतली तरी ती अर्धवटच राहणार. जोतीरावांच्या जाहिरातीत मूल न्या किंवा ठेवा असे दोन्ही पर्याय होते. त्यांतला ‘ठेवा’ हा पर्याय त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पदरमोड करून खरा केला. ‘न्या’ हा पर्याय खरा करणे त्या दोघांच्या हातात नव्हते, कारण मूल कडेवर घेतलेल्या विधवेला दारात उभी करणारे घर त्या पुण्यात नव्हते. आजच्या सोळा वर्षांच्या आईला असे किती दरवाजे उघडे आहेत, याचा विचार आपण, तिच्या गावात आणि गल्लीत राहणाऱ्या माणसांनी, करायचा आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)